कार्यालयीन प्रात्यक्षिकांसाठी स्क्रीन रेकॉर्डिंगचे सोपे सॉफ्टवेअर कसे निवडावे?

प्रश्न असा आहे: सुमारे २५ माणसांच्या एका कार्यालयात रजा, खर्चाची बिले आणि खरेदीच्या मागण्या यांसाठी नवी संगणकप्रणाली आली आहे. प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन तेच ते समजावण्याऐवजी स्क्रीनवरच्या कृतींचे रेकॉर्डिंग करून ठेवावे, असा विचार आहे. रेकॉर्डिंग त्या त्या विभागातली माणसेच करतील आणि त्यांच्यापैकी कुणालाही तांत्रिक पार्श्वभूमी नाही. अशा वेळी वापरायला सोपे असे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

कर्मचाऱ्यांसाठी असे प्रशिक्षणाचे साहित्य तयार करणे हेच अनेक वर्षे माझे काम आहे, त्यामुळे आधी थोडक्यात उत्तर देते आणि मग कारणे सांगते. सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका आणि काही डाउनलोडही करू नका. विंडोज ११ असलेल्या संगणकांवर त्यातच असलेले स्निपिंग टूल आणि मॅकवर त्याच्याबरोबरच आलेली स्क्रीनशॉटची सोय, एवढ्यावर पहिले आठ-दहा व्हिडिओ करून पाहा. ते करताना नेमके काय कमी पडले याची नोंद ठेवा आणि त्या नोंदीच्या आधारेच पुढच्या सॉफ्टवेअरचा विचार करा. बहुतेक कार्यालये याच्या उलट जातात: सर्वांत जास्त सोयी असलेले सॉफ्टवेअर आधी घेतात आणि मग ते कुणी वापरत नाही म्हणून हळहळतात.

‘सोपे’ या शब्दाचा अर्थ आधी नीट ठरवायला हवा. ‘एका क्लिकवर रेकॉर्डिंग’ असे प्रत्येक जाहिरातीत लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. पण माणसे अडतात ती त्या क्लिकच्या आधी आणि नंतर. हिशेब विभागातल्या एका सहकारी बाईंना पहिले रेकॉर्डिंग करताना मी शेजारी बसून पाहिले होते. त्यांनी स्क्रीनचा भाग व्यवस्थित निवडला, तीन-दोन-एक अशी उलटी मोजणी झाली आणि बिल भरण्याची सगळी कृती त्यांनी स्वच्छ आवाजात सांगितली. शेवटी थांबवायचे कसे हे मात्र त्यांना उमगेना, कारण थांबवण्याची छोटी पट्टी स्क्रीनच्या वरच्या कडेला दुसऱ्या एका विंडोमागे गेली होती. त्यांनी एक विंडो लहान केली, दुसरी बंद केली, तिसरी चुकून उघडली आणि ही सारी शोधाशोधही रेकॉर्ड होत राहिली. पुढे फाइल सापडली तेव्हा चित्र होते, पण आवाज अजिबात नव्हता. मायक्रोफोनच्या चिन्हावर तो बंद असल्याची तिरकी रेघ होती आणि ती इतकी बारीक होती की शेजारी बसूनही माझ्या लक्षात आली नव्हती. त्या बाई पुढे दोन महिने रेकॉर्डिंगच्या वाटेला गेल्या नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोष होता असे मला आजही वाटत नाही.

तेव्हापासून कोणतेही सॉफ्टवेअर पाहताना रेकॉर्डचे बटण मी सर्वांत शेवटी पाहते. बोलू लागल्यावर आवाजाची पट्टी हलताना दिसते का, कळफलकावरून थांबवता येते का, थांबवल्याबरोबर व्हिडिओ समोर उघडतो की कुठल्या तरी फोल्डरात जाऊन बसतो, सुरुवातीचा आणि शेवटचा नको असलेला भाग तिथल्या तिथे कापता येतो का, हे मी आधी तपासते. आणि या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, चार महिन्यांनी प्रणालीतले एखादे बटण उजवीकडून डावीकडे गेले तर तेवढाच भाग दुसऱ्या कुणाला पुन्हा करता येईल का? कार्यालयीन व्हिडिओ फार लवकर जुने होतात. जे सॉफ्टवेअर एकाच माणसाला येते आणि ज्याची मूळ फाइल त्याच माणसाच्या संगणकावर राहते, ते कितीही सुंदर व्हिडिओ करत असले तरी कार्यालयाच्या दृष्टीने अवघडच म्हणायला हवे.

सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. प्रत्येक कृतीला व्हिडिओ लागतोच असे नाही. रजेचा अर्ज पाच पायऱ्यांचा असेल, तर आकडे आणि बाण काढलेले पाच स्क्रीनशॉट आणि प्रत्येकाखाली एक ओळ हे व्हिडिओपेक्षा उपयोगी पडते, कारण वाचणारा तिसऱ्या पायरीवर अडला असेल तर थेट तिसऱ्या चित्राकडे पाहू शकतो. विंडोज ७ पासून ‘स्टेप्स रेकॉर्डर’ नावाची एक सोय विंडोजमध्ये असे. प्रत्येक क्लिकला ती आपोआप एक चित्र घेई आणि खाली ‘वापरकर्त्याने अमुक बटणावर क्लिक केले’ अशी ओळ लिही. मायक्रोसॉफ्टने ती आता निवृत्तीच्या यादीत टाकली आहे, तेव्हा नवीन काम तिच्यावर उभारू नये. तिच्याऐवजी विंडोजवर ग्रीनशॉट किंवा शेअरएक्स ही मोफत साधने चांगली आहेत. दोन्हींत चित्रावर क्लिक करत गेले की १, २, ३ असे गोल आकडे आपोआप उमटतात, आणि या एवढ्याशा सोयीने किती वेळ वाचतो हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळत नाही. लिनक्सवर हेच काम फ्लेमशॉट करते. पैसे द्यायची तयारी असेल तर टेकस्मिथ कंपनीचे स्नॅगिट याच कामासाठी १९९० पासून आहे आणि केवळ स्क्रीनशॉटच्या बाबतीत मला त्याच्याइतके शहाणे साधन दुसरे दिसलेले नाही.

व्हिडिओ हवा तो हालचाल समजावायची असेल तिथे: एखादी ओळ ओढून दुसरीकडे टाकायची आहे, एका विंडोतला आकडा पाहून दुसऱ्या विंडोत भरायचा आहे, किंवा एक पर्याय निवडल्यावर पुढचा रकाना बदलतो हे दाखवायचे आहे. अशी हालचाल पाच-सात सेकंदांचीच असेल तर जिफ, म्हणजे आवाज नसलेले हलते चित्रही चालते आणि त्यासाठी विंडोजवरचे स्क्रीनटूजिफ हे मोफत साधन पुरेसे आहे. मात्र जिफमध्ये एका चित्रात २५६ हून अधिक रंग मावत नाहीत आणि लांबी वाढली की फाइल झपाट्याने फुगते, म्हणून दहा सेकंदांच्या पुढे त्याच्या नादी लागू नये.

आता स्निपिंग टूलविषयी सविस्तर, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे काम त्यातच भागेल. विंडोज की, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की स्क्रीनशॉट घेता येतो हे अनेकांना माहीत असते. पण त्याच साधनात व्हिडिओ कॅमेऱ्याचे चिन्ह निवडले की स्क्रीनचा निवडलेला भाग रेकॉर्ड करता येतो, हे विंडोज ११ वापरणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊक नसते. फाइल एमपी४ स्वरूपात मिळते आणि ती जवळपास सगळीकडे उघडते. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. एकदा निवडलेला चौकोन रेकॉर्डिंग चालू असताना हलवता येत नाही आणि क्लिक केल्याची खूण कर्सरभोवती उमटत नाही. ही दुसरी उणीव मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत संचाने भरून निघते. त्यातले माउस हायलायटर चालू केले की प्रत्येक क्लिकवर रंगीत वर्तुळ दिसते आणि ते रेकॉर्डिंगमध्येही येते. झूमइट हे जुने, उत्तम साधनही आता या संचात आहे. कंट्रोल आणि १ दाबले की स्क्रीन मोठी होते, कंट्रोल आणि २ दाबले की स्क्रीनवर पेनाने लिहिल्यासारखे लिहिता येते. प्रत्यक्ष बैठकीत प्रात्यक्षिक द्यायचे असेल तर झूमइटची सवय जरूर लावून घ्या. मागच्या रांगेतल्या माणसाला ‘दिसतंय का?’ असे विचारावे लागत नाही.

विंडोजमध्ये रेकॉर्डिंगची आणखी एक सोय आहे ती गेम बार. विंडोज की आणि जी दाबले की ती उघडते. इंटरनेटवर अनेक ठिकाणी तिची शिफारस केलेली असते, पण प्रात्यक्षिकासाठी मी ती सुचवणार नाही. ती खेळांसाठी केलेली आहे आणि एका वेळी एकाच अ‍ॅपचे चित्र घेते. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर ती रेकॉर्डच करत नाही. कार्यालयीन कामात तर आपण सतत ‘ही फाइल या फोल्डरातून उचला आणि तिथे जोडा’ असे दाखवत असतो, आणि नेमके तेच तिच्यातून गळते.

याच्याशी जोडलेला एक खोडा अनेक साधनांत आढळतो. ‘फक्त ही विंडो रेकॉर्ड करा’ असा पर्याय निवडला, तर काही वेळा ड्रॉप-डाउन यादी, फाइल निवडण्याची चौकट किंवा ‘खात्री आहे का?’ असे विचारणारा छोटा संवाद रेकॉर्डिंगमध्ये दिसतच नाही. संगणकाच्या लेखी त्या वेगळ्या विंडो असतात. बोलणारा म्हणतो, ‘इथे यादीतून वैद्यकीय रजा निवडा’, आणि पाहणाऱ्याला मात्र यादी न उघडताच शब्द बदललेला दिसतो. म्हणून विंडोऐवजी स्क्रीनचा भाग निवडावा आणि त्या भागावर दुसरे काही येणार नाही याची काळजी घ्यावी. हा एक नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी संपतात, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना थोडी काटछाट करायची आहे, त्यांनी विंडोज ११ मध्येच असलेले क्लिपचॅम्प पाहावे. त्यात एका वेळी ३० मिनिटांपर्यंत स्क्रीन रेकॉर्ड करता येते, मधला भाग कापता येतो, अक्षरे टाकता येतात आणि मोफत आवृत्तीतही १०८० पिक्सेलपर्यंतचा व्हिडिओ बाहेर काढता येतो. पॉवरपॉइंटमध्येही ‘इन्सर्ट’ खाली स्क्रीन रेकॉर्डिंगचा पर्याय असतो. ज्या कार्यालयात लोक सगळे काही पॉवरपॉइंटमध्येच करतात तिथे तो सर्वांत सोपा ठरतो, कारण रेकॉर्डिंग सरळ स्लाइडवर येऊन बसते आणि माणसाला नवीन काही शिकावे लागत नाही.

मॅकवर काम आणखी सरळ आहे. २०१८ मधल्या मोजावे आवृत्तीपासून कमांड, शिफ्ट आणि ५ या कळा दाबल्या की एक पट्टी येते. पूर्ण स्क्रीन की निवडलेला भाग हे तिथे ठरवता येते आणि पर्यायांत जाऊन मायक्रोफोन, फाइल ठेवण्याची जागा आणि क्लिकच्या खुणा निवडता येतात. बाहेरचे कोणतेही सॉफ्टवेअर मॅकवर घेतले तर त्याला स्क्रीन रेकॉर्ड करण्याची परवानगी सिस्टीमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते आणि ते एकदा बंद करून पुन्हा उघडावे लागते. ऐन बैठकीत ही परवानगीची चौकट उघडली की चांगली माणसेही गोंधळतात, तेव्हा हा विधी आदल्या दिवशी उरकून ठेवावा. लिनक्सवर गनोम या डेस्कटॉपच्या ४२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, स्क्रीनशॉटच्या साधनातच रेकॉर्डिंग आले आहे. पण त्यात आवाज येत नाही, म्हणून बोलून समजावायचे असेल तर वेगळे साधन लागतेच.

आता ओबीएस स्टुडिओ. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे (म्हणजे त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे), विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, वेळेची मर्यादा नाही, व्हिडिओवर कुणाचा शिक्का उमटत नाही. त्यामुळे कुणालाही विचारले तरी पहिले नाव हेच येते. मी स्वतः ते रोज वापरते आणि त्याच्याविषयी मला आदर आहे. तरीही आपल्या विभागांतल्या माणसांच्या हाती ते द्यावे असे मला वाटत नाही. ते उघडल्यावर समोर काळी चौकट दिसते आणि ‘सीन’ (म्हणजे मांडलेले दृश्य) व ‘सोर्स’ (म्हणजे त्या दृश्यात काय दाखवायचे) या दोन कल्पना समजून घेतल्याशिवाय त्या चौकटीत काही येत नाही. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर तर सगळे बरोबर करूनही चित्र काळेच राहते आणि मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ओबीएसने कोणती चिप वापरावी हे सांगावे लागते. ज्याला हे माहीत नाही त्याची अख्खी दुपार यात जाते.

ओबीएस अनेक वर्षे आपणहून एमकेव्ही स्वरूपात रेकॉर्ड करत असे, आणि त्यामागचे कारण मी पदरमोड करून शिकले आहे. साध्या एमपी४ फाइलीत कोणता क्षण फाइलीत कुठे आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते. मधेच वीज गेली किंवा संगणक बंद पडला तर ती अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही आणि आतला सगळा ऐवज असूनही फाइल उघडत नाही. मला ‘सोयीचे’ वाटले म्हणून मी ते स्वरूप बदलून एमपी४ केले होते आणि वर्षअखेरीच्या ताळेबंदाचे ४० मिनिटांचे प्रात्यक्षिक त्यात गमावले. ज्या अधिकाऱ्यांनी ते दिले होते त्यांची दुसऱ्या दिवशी बदली होती. एमकेव्ही अर्धवट राहिली तरी तिथपर्यंतचा भाग उघडतो, आणि नंतर ओबीएसमधल्याच ‘रीमक्स’ या पर्यायाने तिची एमपी४ काही सेकंदांत करता येते. २०२४ पासून ओबीएसमध्ये हायब्रिड एमपी४ हा पर्यायही आला आहे आणि त्याचा हेतू हीच पडझड टाळणे हा आहे. कार्यालयात एखादी खोली, एक संगणक आणि एक जबाबदार माणूस रेकॉर्डिंगसाठी कायम ठेवणार असाल, तर ओबीएस एकदा नीट बसवून घ्यावे. पुढे त्या माणसाला फक्त सुरू आणि बंद एवढेच करायचे राहते.

लूमसारखी, ब्राउझरमधून चालणारी आणि रेकॉर्डिंग संपताच दुवा हातात देणारी साधने खरोखर सोपी आहेत हे मान्य करायला हवे. फाइल कुठे गेली हा प्रश्नच उरत नाही, पाठवायला दुवा पुरतो आणि मोठी फाइल ईमेलला जोडता येत नाही ही रोजची कटकटही संपते. पण ती निवडण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. एक म्हणजे व्हिडिओ कुणाच्या सर्व्हरवर राहणार आणि आपल्या कार्यालयाच्या नियमांना ते चालते का. दुसरी गोष्ट सहसा कुणी विचारत नाही: खाते कुणाच्या नावावर आहे? एका ठिकाणी एका उत्साही सहकाऱ्याने स्वतःच्या खात्यावर ३० हून अधिक छान व्हिडिओ केले होते. तो नोकरी सोडून गेला, त्याचे खाते बंद झाले आणि पुढच्या आठवड्यात सगळे दुवे मेले. दुवा देणारे कोणतेही साधन घेतले तरी खाते संस्थेच्या नावाने असावे आणि प्रत्येक व्हिडिओची मूळ फाइल कार्यालयाच्या सामाइक फोल्डरातही उतरवून ठेवावी. मोफत आवृत्तीची वेळेची मर्यादाही आधी पाहावी. लूमची ती पाच मिनिटांची आहे, आणि खरे सांगायचे तर कार्यालयीन प्रात्यक्षिकासाठी ही मर्यादा उपकारकच आहे.

विकतच्या साधनांपैकी कॅम्टेशियाविषयी मला वारंवार विचारले जाते. त्याचे खरे बळ रेकॉर्डिंगनंतर कळते. कर्सरची माहिती ते चित्रापासून वेगळी साठवते, त्यामुळे कर्सर मोठा करणे, क्लिकभोवती वर्तुळ आणणे, एखाद्या रकान्यावर चित्र जवळ नेणे हे सगळे मागाहून करता येते. वर्षभरात पाच-पन्नास व्हिडिओ करायचे असतील आणि ते नव्या कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे दाखवायचे असतील, तर ते घ्यावे, पण एक-दोन माणसांसाठीच. सगळ्या विभागांना त्याचा परवाना देणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

साधन कोणतेही असो, एका गोष्टीकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात आणि व्हिडिओ फुकट जातात, ती म्हणजे अक्षरांचा आकार. करणारा मोठ्या मॉनिटरवर पूर्ण स्क्रीन रेकॉर्ड करतो आणि पाहणारा तो व्हिडिओ लॅपटॉपच्या अर्ध्या विंडोत किंवा फोनवर पाहतो. तिथे रकान्यांची नावे मुंगीएवढी होतात. रेकॉर्ड करण्यापूर्वी ब्राउझरची झूम १२५ किंवा १५० टक्के करावी, विंडो लहान करून फक्त लागणारा भाग निवडावा आणि तयार व्हिडिओ एकदा स्वतःच्या फोनवर पाहून घ्यावा. त्यातही एक बारकावा आहे. नेहमीच्या व्हिडिओत प्रत्येक ठिपक्याचा उजेड स्वतंत्र साठवला जातो, पण रंग मात्र चार ठिपक्यांमिळून एकच ठेवला जातो. माणसांच्या चित्रात हे कळत नाही. गडद पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरे मात्र यामुळे पुसट होतात आणि दर्जा कितीही वाढवला तरी सुधारत नाहीत. प्रणालीत ‘डार्क मोड’ असेल तर रेकॉर्डिंगपुरता तो बंद ठेवणे हाच उपाय. फ्रेमची संख्या सेकंदाला ३० पुरे, फॉर्म भरण्याच्या कामाला १५ सुद्धा पुरतात. फाइलीचा अंदाज हवा असेल तर सेकंदाला २.५ मेगाबिट या दराने दहा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे १८८ एमबी होतो. जीमेलवर २५ एमबीच्या वरची जोडणी जात नाही हे लक्षात घेतले म्हणजे लांबी का आवरावी हे कळते.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. लॅपटॉपच्या आतल्या मायक्रोफोनपेक्षा साधा वायरचा हेडसेट चांगला, आणि पंखा बंद ठेवावा. एवढे पुरते.

गोपनीयतेबद्दल मात्र लिहायलाच हवे. बिलांच्या आणि रजांच्या प्रणालीत खरी नावे, खरे पगार, खरी वैद्यकीय कारणे असतात. व्हिडिओ करताना प्रणालीची चाचणी आवृत्ती किंवा खोट्या नावांचे खाते वापरावे. नंतर धूसर करू, या भरवशावर राहू नये. ठोकळे-ठोकळे करून धूसर केलेली अक्षरे काही वेळा पुन्हा ओळखता येतात, म्हणून झाकायचेच असेल तर भरीव रंगाचा चौकोन टाकावा. कापलेल्या चित्रावरही पूर्ण विश्वास ठेवू नये. मार्च २०२३ मध्ये उघड झाले की विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये स्क्रीनशॉट कापून त्याच फाइलीवर साठवला, तर कापलेला भाग फाइलीच्या शेपटीला तसाच उरत असे आणि परत मिळवता येत असे. विंडोज १० च्या स्निप अँड स्केचमध्येही तोच दोष होता. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. पण त्याआधी कापून पाठवलेली चित्रे कार्यालयाच्या फोल्डरांत अजून पडून असतील तर ती बदलून टाकणे बरे. रेकॉर्डिंगपूर्वी सूचना बंद करणे, ब्राउझरची बुकमार्कची पट्टी लपवणे आणि पत्त्याच्या जागी आपोआप उमटणाऱ्या सूचनांसाठी वेगळे, कोरे प्रोफाइल वापरणे या तीन सवयी सगळ्यांना पहिल्याच दिवशी लावाव्यात.

आता निवड प्रत्यक्ष कशी करायची ते सांगते. दोन साधने ठरवा, त्याहून जास्त नकोत. आपल्या प्रणालीतली एक खरी, तीन मिनिटांची कृती घ्या, उदाहरणार्थ प्रवासखर्चाचे बिल जोडणे. संगणकाची सर्वांत कमी सवय असलेल्या सहकाऱ्याला शेजारी बसवा, त्यांना कागदावर चार ओळींत कृती लिहून द्या आणि आपण गप्प राहा. मदत करायचा मोह अनावर होतो, पण तो टाळा, कारण ते जिथे थांबतात तिथेच उद्या बाकीचेही थांबणार आहेत. त्यांनी किती वेळा आपल्याकडे वळून पाहिले ते मोजा. व्हिडिओ तयार झाल्यावर त्यांनाच सांगा की तिसऱ्या पायरीत चूक झाली आहे, तेवढी दुरुस्त करा. इथे एका साधनात त्यांना सगळे पुन्हा करावे लागेल आणि दुसऱ्यात तेवढाच तुकडा बदलता येईल. निवडीचा खरा निकाल बहुतेक वेळा याच क्षणी लागतो. ही चाचणी कार्यालयाच्याच संगणकावर घ्या. घरच्या लॅपटॉपवर झटकन चालणारे सॉफ्टवेअर कार्यालयात प्रशासकाची परवानगी नसल्यामुळे बसतच नाही, आणि हे खरेदी झाल्यावर कळण्यासारखे वाईट काही नाही.

पहिले आठ-दहा व्हिडिओ करून झाल्यावर आपल्या २५ जणांच्या कार्यालयासाठी माझी शिफारस अशी: रजेसाठी आकडे घातलेले स्क्रीनशॉट, ग्रीनशॉटने. बिले आणि खरेदीसाठी स्निपिंग टूलने केलेले दोन-तीन मिनिटांचे वेगवेगळे तुकडे, ‘बिल जोडणे’, ‘बिल परत आल्यास दुरुस्ती’, ‘मंजुरी पाहणे’ असे; सलग पंधरा मिनिटांचा एक व्हिडिओ नको. सर्व संगणकांवर पॉवरटॉइज. काटछाट लागलीच तर क्लिपचॅम्प, आणि तेही दोघांनाच शिकवा, म्हणजे एक रजेवर असला तरी दुसरा असतो. प्रत्येक फाइलीच्या नावात विभाग, कृती आणि रेकॉर्ड केल्याची तारीख घाला, आणि प्रणालीची नवी आवृत्ती आली की त्या तारखेच्या आधीचे सगळे तुकडे ज्या त्या विभागाकडे तपासायला पाठवा.